बांगड्यावर बंदी, ट्यूनाला पाट

‘प्रोटीन वाढवा’ असं डॉक्टरांनी किंवा जिमच्या ट्रेनरने सांगितलं की मासे खाणाऱ्या घराला बरंच वाटतं. डाळी मोजत बसायला नको, पावडरचा डबा आणायला नको. आठवड्यात दोनदा होणारे मासे चार-पाचदा होतात. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर माशांतल्या पाऱ्याचा अमेरिकेतला एक तक्ता पाठवतं. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रकाने असतात, आणि लाल रकान्यात ‘मॅकरेल’ हा शब्द दिसतो. मॅकरेल म्हणजे बांगडा हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे बांगडा बंद होतो. त्याच्या जागी ट्यूनाचे डबे येतात, कारण त्याला काटा नाही, वास नाही आणि प्रोटीन किती ग्रॅम ते डब्यावरच छापलेलं असतं.

पाऱ्याचा हिशेब मांडला तर ही अदलाबदल नेमकी उलटी झालेली असते.

त्या तक्त्यात टाळायला सांगितलेला मासा म्हणजे किंग मॅकरेल. हा अटलांटिक महासागरातला मोठा शिकारी मासा आहे आणि अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, नोंदींत त्याच्या मांसात सरासरी ०.७३ पीपीएम पारा सापडतो. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मांसात एक मायक्रोग्रॅम. आपला बांगडा याच्या लांबच्या कुळातला असला तरी वीस-पंचवीस सेंटिमीटरचा, थव्याने फिरणारा आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खाणारा मासा आहे. त्याच्या जवळपासचा म्हणावा असा त्या तक्त्यातला मासा म्हणजे अटलांटिक मॅकरेल. त्याचा आकडा ०.०५ आहे आणि तो हिरव्या रकान्यात आहे. आडनाव एक म्हणून चौकशी दुसऱ्याचीच झाली, असा हा प्रकार.

किंग मॅकरेलचा खरा जवळचा नातेवाईक आपल्याकडे सुरमई आहे. जात वेगळी, पण वंश तोच. सुरमई मासेच खाते, दहा वर्षांहून जास्त जगू शकते आणि दीड-दोन मीटरपर्यंत वाढते. म्हणजे तक्ता बघून काळजी करायचीच असेल तर ती सुरमईच्या मोठ्या तुकड्यांची करावी. आणि तीसुद्धा सरसकट नको. बाजारात येणारी किलो-सव्वा किलोची सुरमई आणि आठ किलोची सुरमई यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

असं का, हे पारा माशात शिरतो कसा ते पाहिलं की उलगडतं. हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा सोन्याच्या छोट्या खाणींचा आहे, त्याखालोखाल दगडी कोळशाचा. ज्वालामुखींतूनही थोडा येतो. हा पारा पावसाबरोबर पाण्यात उतरतो. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात आणि गाळात काही जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि इथून पुढे तो सजीवांच्या अंगात शिरतो. प्लवकात थोडा, प्लवक खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, त्या माशाला खाणाऱ्या माशात आणखी जास्त. मासा अन्नसाखळीत किती वर आहे आणि तो किती वर्षं जगला, या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळा हिशेब ठरतो. तारली दोन-अडीच वर्षांत आयुष्य आटोपते. मुशी-मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, मोठ्या जाती, तलवार मासा, मार्लिन हे वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी गोळा केलेला पारा स्वतःच्या अंगात साठवत राहतात.

लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरमधून घरंगळलेला चकचकीत गोळा, ही पाऱ्याची आपली ओळख. तो धातुरूप पारा चुकून गिळला गेला तर आतड्यातून जवळपास शोषला जात नाही, तसाच बाहेर पडतो. धोका असतो तो त्याच्या वाफेचा. माशातला मिथाइल पारा मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास शोषला जातो. शिवाय तो सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटला की शरीराला मेथिओनिनसारखा, म्हणजे अन्नातल्याच एका घटकासारखा वाटतो. त्यामुळे मेंदूच्या भोवतीची राखण आणि पोटातल्या बाळाला पोसणारी वार या दोन्ही वेशींवरून त्याला आत घेतलं जातं.

सिस्टीनला चिकटतो, म्हणजे तो माशाच्या प्रोटीनमध्येच बसलेला असतो. कातडी सोलली, चरबी काढली, मिठाच्या पाण्यात ठेवला, कोकम-लिंबू लावून मुरवला, पहिलं पाणी फेकून दिलं, काहीही केलं तरी पारा कमी होत नाही. उलट तळताना पाणी उडून जातं, त्यामुळे शिजलेल्या माशाच्या दर ग्रॅममागे पारा थोडा वाढलेलाच दिसतो. तुकडीतला एकूण पारा तेवढाच राहतो. सुक्या माशाचंही तसंच. सुका बोंबील ग्रॅमला ग्रॅम मोजला तर जास्त भरतो, पण ओला बोंबील जवळजवळ सगळा पाणीच असतो आणि सुका कुणी पाव किलो खात नाही. सुक्या माशांत काळजी करायची तर मिठाची करावी. पारा प्रोटीनला चिकटतो याच कारणाने चांगल्या प्रतीच्या फिश ऑइलच्या कॅप्सूलमध्ये पारा नगण्य असतो, कारण तेलाबरोबर प्रोटीन येत नाही. अर्थात प्रोटीनसाठी मासे खाणाऱ्याला त्या कॅप्सूलचा उपयोगही नाही.

म्हणून आकडे मांडताना ‘कोणत्या माशात किती पारा’ एवढंच पाहून भागत नाही. प्रोटीनसाठी मासे खायचे असतील तर प्रश्न असा विचारावा, की मला मिळालेल्या प्रत्येक ग्रॅम प्रोटीनमागे किती पारा पदरात पडला? समजा ७० किलो वजनाच्या माणसाला दिवसाचं ५० ग्रॅम प्रोटीन माशांतूनच हवं आहे. बाकीचं डाळ-भाकरी, दही, अंडी यांतून येईल. कच्च्या माशाच्या १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून रोज २५० ग्रॅम मांस लागेल. मध्यम बांगडा डोकं, काटा, आतडी काढून ऐंशी-नव्वद ग्रॅम भरतो, म्हणजे रोज तीन बांगडे. किंवा दहाएक तारल्या. डब्यातल्या ट्यूनात पाणी कमी, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन धरलं तर निथळलेला २०० ग्रॅम मासा पुरतो.

मुख्य मर्यादा दोन आहेत, आणि त्या सारख्या नाहीत. अमेरिकेची ईपीए, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणते, दिवसाला शरीराच्या किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. ७० किलोला ७ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (अन्न व कृषी संघटना) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये आठवड्याला किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवलं, ते त्याच माणसाला दिवसाला १६ पडतं. युरोपने २०१२ मध्ये या दोहोंच्या मधला, आठवड्याला १.३, असा आकडा घेतला.

आता ५० ग्रॅम प्रोटीनचा पारा बघू. सार्डिनचा, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळाचा, एफडीएतला आकडा ०.०१३. अडीचशे ग्रॅमला ३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. कोळंबी ०.००९, म्हणजे २ च्या थोडं वर. सॅमन ०.०२२, साडेपाच. ‘लाइट’ लिहिलेला डब्यातला ट्यूना, जो मुख्यतः स्किपजॅक जातीचा असतो, ०.१२६. दोनशे ग्रॅमला २५. ‘व्हाइट’ किंवा अल्बाकोर लिहिलेला डबा ०.३५, म्हणजे ७०. शार्कचा आकडा ०.९८, अडीचशे ग्रॅमला २४५.

सात आणि सोळा या मर्यादांशेजारी हे आकडे ठेवले की चित्र दिसतं. तारली आणि कोळंबी रोज खाल्ली तरी कडक मर्यादेच्याही आत राहते. लाइट ट्यूना रोज खाल्ला तर दोन्ही मर्यादा ओलांडतो. अल्बाकोर रोज खाल्ला तर कडक मर्यादेच्या दहा पट. बांगड्यासाठी सुरक्षित बाजूला राहून ०.०५ धरला तर २५० ग्रॅमचे साडेबारा होतात. ईपीएच्या रेषेच्या वर, आंतरराष्ट्रीय समितीच्या रेषेच्या आत. म्हणून रोज तीन-तीन बांगडे खाण्यापेक्षा दोन दिवस बांगडा, दोन दिवस तारली, एक दिवस कोळंबी असं फिरवलं तर आठवड्याची बेरीज ३४-३५ वर येते आणि सत्तर किलोवाल्याच्या कडक आठवडी मर्यादेच्या, म्हणजे ४९ च्या, निवांत खाली राहते. हे आकडे अमेरिकेच्या बाजारातल्या माशांचे आहेत, आपल्या किनाऱ्याला दशांशासकट लागू नाहीत. क्रम मात्र जगात कुठेही हाच राहतो, कारण तो माशाच्या खाण्यावर आणि वयावर ठरतो.

या रेषा ओलांडल्या म्हणजे माणूस आजारी पडला, असं नाही. ईपीएची रेषा पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी आखली आहे आणि तिच्यात दहा पटींची सुरक्षितता मुद्दाम घातली आहे. आंतरराष्ट्रीय समितीनेही नंतर स्पष्ट केलं, की आपल्या रेषेच्या साधारण दुप्पट सेवनापर्यंत प्रौढांच्या मज्जासंस्थेला धोका दिसत नाही. ही सवलत गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांना मात्र नाही. पन्नाशीच्या काकांनी आठवड्यात एकदा सुरमईची तुकडी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. भीती दाखवणारे लेख हा फरक करत नाहीत आणि मिनामाताचं नाव घेऊन मोकळे होतात.

मिनामाताचं प्रकरण किती वेगळ्या पातळीवरचं होतं हेही पाहायला हवं. जपानच्या त्या उपसागरात चिस्सो कंपनीच्या अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवणाऱ्या कारखान्याचं पारामिश्रित सांडपाणी थेट सोडलं जात होतं. १ मे १९५६ रोजी त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच राहिलं. तिथल्या मासे-शिंपल्यांत ५ ते ३५ पीपीएम पारा मिळाला होता. लाइट ट्यूनाच्या डब्याच्या चाळीस पटींपासून पुढे. तिथे माणसांच्या आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली. पाऱ्यावरच्या जागतिक कराराला २०१३ मध्ये या गावाचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. पण मालवणच्या बाजारातल्या टोपलीला त्या उपसागराच्या मापाने मोजणं बरोबर नाही.

आपल्याला जास्त उपयोगी पडतील अशी दोन बेटं आहेत. अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर नाळेच्या रक्तातला पारा आणि मुलांची स्मरणशक्ती, भाषा, लक्ष यांचा संबंध लागला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया आठवड्याला बारा-बारा वेळा मासे खात होत्या, तरी तिथे तसा स्पष्ट तोटा दिसला नाही. फेरोतला पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून येत होता, म्हणजे साखळीच्या अगदी टोकावरच्या सस्तन प्राण्यातून, अधूनमधून आणि एकदम मोठ्या मात्रेत. सेशेल्समध्ये तो साध्या समुद्री माशांतून, रोज थोडा थोडा, आणि त्याबरोबर बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३, आयोडीन, सेलेनियमही येत होतं. गरोदरपणी मासे सरसकट बंद करण्याचा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. एफडीए गरोदर स्त्रियांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२७ ते ३४० ग्रॅम खाच, असं सांगते. बंद करायचे ते मोठे शिकारी मासे.

आणि ते बंद करायची वेळ बाळाची चाहूल लागल्यावरची नाही. मिथाइल पाऱ्याचं शरीरातलं अर्धायुष्य सुमारे ५० दिवस धरतात. काहींचं ४५, काहींचं ७०. आज खाल्लेल्यातला निम्मा पारा पन्नास दिवसांनी अंगात असतोच. रोज तेवढाच खात राहिलं तर साठा वाढत वाढत रोजच्या मात्रेच्या ७२ पटींवर जाऊन थांबतो, आणि तिथवर पोचायला आठ-नऊ महिने लागतात. रोज ७ मायक्रोग्रॅम खाणाऱ्याच्या अंगात शेवटी ५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास पारा कायम मुक्कामाला असतो. रोज अल्बाकोरचे डबे फोडणाऱ्याच्या अंगात ५ मिलिग्रॅम.

आपल्याकडच्या पथ्याचा हिशेब यावरून लावता येतो. श्रावणाचा एक महिना पाळला तर साठा साधारण एक तृतीयांशाने उतरतो, फार नाही. पूर्ण चातुर्मास पाळणाऱ्यांच्या अंगात शेवटी पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. पथ्य सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात मोठ्या सुरमईवर तुटून पडण्याने तो परत यायला मात्र वेळ लागत नाही. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलीने निदान सहा महिने आधी मोठे मासे सोडावेत, हा सल्ला याच पन्नास दिवसांच्या गणितातून येतो. वारेतून पारा बाळाकडे ओढला जातो आणि नाळेच्या रक्तात आईच्या रक्ताहून जास्त, साधारण पावणेदोन पट भरतो. रोजच्या खाण्यातून आलेला पारा हळूहळू पित्तावाटे आतड्यात आणि तिथल्या जिवाणूंच्या मदतीने शौचावाटे जातो. पोटातल्या बाळाला ती वाट नसते.

इथे कोकणातल्या एका रीतीबद्दल बोलायला हवं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खायला घालतात. आजी, सासू, आत्या सगळ्यांचा त्यावर विश्वास असतो आणि त्या जीव लावून मिरी-खोबऱ्याचं वाटप घालून मोरी करतात. ‘शार्क म्हणजे विष’ असं म्हणून ताट मागे सारणं हा काही यावरचा उपाय नव्हे. आईच्या दुधातून जाणारा मिथाइल पारा वारेतून गेलेल्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणजे सगळ्यात नाजूक काळ तोवर उलटून गेलेला असतो. शिवाय मोरी-मोरीत फरक आहे. आपल्या किनाऱ्यावर जी चपट्या तोंडाची छोटी मुशी जाळ्यात भरपूर येते ती पूर्ण वाढली तरी दोन-सव्वादोन फुटांची. कोळंबी आणि बारीक मासे खाऊन ती जगते. मोठ्या शार्कचा ०.९८ हा आकडा तिच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. अख्खी, हातभर लांबीची मोरी समोर कापून घेतली आणि बाळंतपणात एक-दोनदा केली, इतपत ठीक. मोठ्या मोरीच्या सोललेल्या, तळहाताएवढ्या रुंद वड्या मात्र घरात आणू नयेत, कारण असा १५० ग्रॅमचा एक वाटा ६० किलोच्या बाईला कडक मापाने साडेतीन आठवड्यांचा पारा एका जेवणात देऊ शकतो. आणि आजींना दुसरं काही सुचवायचं असेल तर मुडदुशी आहे. ती पचायला हलकी हे त्यांनाही मान्य असतं.

बाजारात गेल्यावर जातीचं नाव विचारण्याइतकंच आकार पाहणं महत्त्वाचं. सुरमईच्या तुकड्या कापून ठेवल्या असतील तर मधला मणका बघावा. करंगळीच्या टोकाएवढा मणका म्हणजे लहान सुरमई, अंगठ्याहून जाड म्हणजे मोठं जनावर. ‘मावशी, अख्खी किती किलोची होती?’ असं सरळ विचारलं तरी चालतं. मोठी सुरमई ही पाटावरची शान असते, त्यामुळे मावशी वजन लपवत नाहीत, उलट वाढवूनच सांगतील. दोन किलोच्या आतली असेल तर आठवड्यातून एकदा निवांत खावी. त्याहून मोठी असेल तर सणावारी. हाच नियम रावस, घोळ, मोडोसा, तांब, गोबरा, वाम यांना लावावा. कुपा आणि गेदर, म्हणजे आपल्याकडचे ट्यूना, लहान असतील तर बरे.

पापलेट प्लवक आणि जेलीफिश खाणारा, त्याची चिंता नको. बोंबील, मांदेली, सौंदाळे, पेडवे, जवळा, तिसऱ्या, खेकडे, माकुल या सगळ्यांचं पाऱ्याच्या दृष्टीने फारसं काही नाही. तळ्यातले रोहू-कटला वर्ष-दोन वर्षांत विकायला येतात आणि शिकारी नाहीत, तेही चालतात. बासात पारा कमी, पण प्रोटीनही जरा कमी आणि चव तर जवळपास नाहीच.

लहान मासा चांगला म्हणजे पिल्लू चांगलं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. बोटभर पापलेटं आणि वीतभर सुरमया विकत घेणं म्हणजे पुढच्या वर्षीचा समुद्र आजच खाणं. राज्य सरकारने २०२३ मध्ये बऱ्याच जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे, तो याचसाठी. जात लहान असलेली घ्यावी, जातीतलं बाळ नव्हे.

खाडीचे मासे हा वेगळा विषय. ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचं मुख यांच्या गाळात पारा साचल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे कोष वापरत, त्याचा हा वारसा. कारखान्यांनी ती पद्धत सोडली तरी गाळ आपला पारा पटकन सोडत नाही. अशा खाडीतल्या निवट्या, बोय, चिंबोऱ्या लहान असूनही रोजच्या प्रोटीनचा आधार करू नयेत. तिथे पाऱ्याखेरीज इतर धातू आणि शहराचं सांडपाणीही असतं.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, ट्यूनाचे डबे सगळ्यात जास्त खपत असावेत. घ्यायचेच असतील तर डब्याची बारीक अक्षरं वाचावीत. स्किपजॅक लिहिलं असेल तर आठवड्याला एक-दोन डबे मोठ्या माणसाला चालतील. यलोफिन असेल तर एक. अल्बाकोर किंवा बिगआय नको. जात लिहिलेलीच नसेल तर डबा परत फळीवर ठेवावा. तारलीचा, म्हणजे सार्डिनचा डबा शेजारीच असतो. त्यात प्रोटीन तितकंच, काट्यासकट खाल्ल्याने कॅल्शियम वर आणि पारा दहावा हिस्सा. जिममध्ये त्याला भाव नाही याचं कारण वास, दुसरं काही नाही.

आता ज्या तक्रारी पाऱ्याच्या नावावर खपतात त्यांच्याकडे वळू. बांगडा किंवा ट्यूना खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं, याला घरात ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि हल्ली ‘पारा चढला’ही म्हणतात. तो हिस्टामीनचा त्रास असतो. मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडीनपासून हिस्टामीन बनवतात, आणि ते उकळूनही जात नाही. बांगडा, सुरमई, ट्यूना या लालसर मांसाच्या माशांत ते जास्त बनतं. यावर उपाय बर्फाचा. घेताना मासा गारेगार हवा, आणि घरी आणल्यावर बाहेर ओट्यावर दोन तास ठेवायचा नाही. पारा असा तासाभरात कधीच दिसत नाही. त्याची लक्षणं महिन्यांनी येतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, तोल जाणं, नजरेचा परीघ आवळत जाणं. नुसता थकवा आणि केस गळणं यावरून पाऱ्याचं निदान कुणी करू नये, आणि करणाऱ्याकडून पॅकेजही घेऊ नये.

शंका खरीच असेल, म्हणजे महिनोन्‌महिने रोज मोठे मासे किंवा ट्यूना खाल्ला असेल, तर रक्तातला पारा तपासावा. माशातल्या पाऱ्यासाठी लघवीची तपासणी उपयोगाची नाही, कारण तो त्या वाटेने फारसा जातच नाही. रक्तात लिटरला ५.८ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर गरोदर बाईनेही काळजी करू नये. केसाच्या तपासणीत हेच प्रमाण ग्रॅमला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासूनच्या तीन सेंटिमीटरमध्ये मागच्या तीन महिन्यांचं जेवण वाचता येतं. आकडा वाढलेला आला तर मोठे मासे थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. तो तेव्हा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरायला हवा. कोथिंबिरीचा रस, शेवाळाच्या गोळ्या, डिटॉक्सचे चहा यांनी हे पन्नास दिवस चाळीस होत नाहीत. पारा बांधून बाहेर काढणारी औषधं खऱ्या विषबाधेसाठी असतात, ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मासे सोडूनही आकडा उतरत नसेल, किंवा लघवीत पारा जास्त निघाला असेल, तर माशाकडे बघणं थांबवून आरशासमोरची फळी बघावी. गोरं करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार घातलेले असतात, ते कातडीतून आत जातात आणि मूत्रपिंडं बिघडवतात. पारा असलेली आयुर्वेदिक रसौषधी चालू असतील तर त्याही डॉक्टरांना सांगाव्यात.

मुलांच्या बाबतीत लोक वाट्याचा आकार चुकवतात. मोठ्यांची तुकडी तशीच ताटात वाढली जाते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी २८ ग्रॅम, चार ते सात वर्षांच्या मुलाला ५५-६०, आठ ते दहाला ८५, आणि अकराव्या वर्षापासून मोठ्यांइतकं, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास. असं आठवड्यातून दोनदा, आणि कमी पाऱ्याच्याच जातींचं. तीन वर्षांच्या पोराला २८ ग्रॅम म्हणजे मध्यम बांगड्याचा तिसरा हिस्सा. तो पाठीकडचा द्यावा, तिथे काटे कमी लागतात.